टॉवर नसलेले टॉवरकाका

आमच्या गल्लीत त्यांना सगळे टॉवरकाका म्हणायचे आणि त्यांच्याकडे टॉवर नव्हता. धायरीत खोली शोधत फिरत होते तेव्हा टपरीवाल्याने मला पत्ता सांगितला, "टॉवरकाकांची वरची खोली रिकामी हाय. पन ते परीक्षा घेत्यात, सांगून ठेवतो." मी मान वर करून सगळी गल्ली पालथी घातली. टॉवर कुठेच दिसेना. शेवटी एका घराच्या गच्चीवर एक लांबच लांब तांब्याची तार दिसली, तारेवर दोन परकर, आणि खाली एक गृहस्थ त्या परकरांकडे डोळे वटारून बघत उभे. म्हटलं, हेच असणार.

त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठे तेही विचारलं नाही. पहिला प्रश्न असा आला, "मोबाइलचा चार्जर कुठला आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मोबाइलबरोबर आलेला, की रस्त्यावर घेतलेला?"

मी यवतमाळकडची. हिंजवडीत नवीन नोकरी लागलेली, कंपनीची बस हायवेच्या पुलापाशी मिळायची म्हणून धायरीत घर बघत होते, आणि सकाळपासून पायांचे तुकडे पडले होते. चिडले की माझी भाषा मला न विचारता गावाकडे पळते. "आता ते मले काय मालूम!" मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "आवाज नऊ. समज दोन," ते म्हणाले. "चार्जर दाखवा."

चार्जर घेऊन ते आत गेले. आतून जोरात खरखर ऐकू आली, मग थांबली. बाहेर येऊन त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. "खोली तुम्हाला मिळेल. ह्याला नाही."

तर अशी मी त्या घरात शिरले. पुढे पाच वर्षं राहिले आणि लग्न झालं तेव्हाच निघाले. लग्नाआधी नवरा मुलगा मला भेटायला आला होता. काकांनी त्याला समोर बसवून हवापाण्याबद्दल थोडं बोलू दिलं आणि तो गेल्यावर मला सांगितलं, "आवाज सहा, समज चार. चालेल." 'चालेल' ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी पदवी होती. काकूंना ती लग्नानंतर कित्येक वर्षांनी मिळाली म्हणे, तीही एका आमटीसाठी.

हे आकडे काय प्रकरण आहे ते सांगते. काकांना हौशी रेडिओचा नाद होता. घरात बसून स्वतःच्या यंत्रावरून जगातल्या दुसऱ्या तशाच नादिष्ट माणसाशी हवेतून बोलायचं. मध्ये टेलिफोन कंपनी नाही, केबल नाही, काही नाही. त्यासाठी सरकारची परीक्षा द्यावी लागते आणि मग परवाना मिळतो. काकांचा परवाना बैठकीच्या खोलीत काचेच्या फ्रेममध्ये होता. लग्नाचा फोटो त्याच्या शेजारी, जरा खाली. ही मंडळी हवेत एकमेकांना भेटली की आधी दोन आकडे सांगतात, बोलणं किती समजतं आणि आवाज किती मोठा येतो. समज पाचपैकी, आवाज नऊपैकी. काका हे आकडे सगळ्यांनाच द्यायचे. भाजीवाल्याला द्यायचे, पोस्टमनला द्यायचे, निवडणुकीच्या दिवसांत रिक्षातून ओरडत जाणाऱ्याला तर धावत बाहेर जाऊन द्यायचे. "आवाज नऊ! समज शून्य!"

बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं आणि तोपर्यंत समोरच्याने मध्ये तोंड घालायचं नाही, हाही त्यांचा घरातला कायदा. काकूंनी तो लगेच स्वतःच्या बाजूने फिरवला होता. काका काही बोलायला लागले की त्या हात वर करायच्या, "थांबा. माझं ओव्हर झालेलं नाही."

"तुझं लग्नापासून ओव्हर झालेलं नाही," काका म्हणायचे, आणि गप्प बसायचे.

काकूंच्या हातात याहून मोठं हत्यार होतं. मिक्सर. मिक्सर सुरू झाला की, माझ्या त्या चार्जरने झाली तशीच पण कितीतरी मोठी खरखर, काकांच्या रेडिओत नुसती करवत चालल्यासारखा आवाज भरायचा आणि पलीकडचा माणूस नाहीसा व्हायचा. म्हणून तह असा होता की रविवारी सकाळी साडेसातपर्यंत मिक्सर लावायचा नाही. बाकीच्या दिवशी मात्र काकू ठरवतील तसं. काका त्यांना काही टोचून बोलले की स्वयंपाकघरातून ताबडतोब घर्रर्र सुरू व्हायचं. त्या घरात इतकी शेंगदाण्याची चटणी होत असे की मी ती बरण्या भरभरून कंपनीत वाटायचे.

रविवारची सकाळ जपायचं कारण ब्राझील. तिकडच्या कुठल्याशा गावात दातांचे एक निवृत्त डॉक्टर होते. आपल्याकडे रविवार उजाडायचा तेव्हा त्यांच्याकडे शनिवारची रात्र असायची. दोघांचं इंग्रजी एकमेकांना साजेसं. काका एकेक शब्द तपासून बाहेर सोडायचे आणि डॉक्टर सगळ्या शब्दांच्या शेवटी सूर लांबवायचे. वर्षानुवर्षं दर रविवारी ते बोलत आले होते. काय बोलायचे? हवा कशी आहे, टोमॅटो आले का, गुडघा कसा आहे. मी एकदा विचारलं, "काका, एवढं जग ओलांडून तुम्ही गुडघ्याबद्दल बोलता?" ते म्हणाले, "मग? जवळच्या माणसाला गुडघ्याबद्दल ऐकायला वेळ असतो का?"  दोघांनी एकमेकांचा चेहरा बघितलेला नव्हता. मी ईमेलवर फोटो मागवून देते म्हटलं तर काका म्हणाले, "चेहऱ्याचा काय संबंध?"

आता त्या तारेबद्दल. हवेत लांबवर बोलायचं तर अँटेना हवी, आणि ती उंच हवी. त्यासाठी टॉवर. टॉवरला बांधकाम खात्याची परवानगी हवी. ती मिळेपर्यंत करायचं काय? काकांनी बांधकामाची नियमावली पोथीसारखी वाचून काढली होती आणि तिच्यात त्यांना एक गोष्ट सापडली नव्हती. कपडे वाळत घालायच्या तारेला परवानगी लागते असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी गच्चीवर तांब्याची तार ओढली, तिच्यावर कपडे वाळत घालायची काकूंना रीतसर मुभा दिली, आणि तीच तार खालच्या यंत्राला जोडली. तार खरोखर कपड्यांचीच असली पाहिजे हा त्यांचा आग्रह, आणि त्या कपड्यांनीच त्यांचा छळ मांडलेला. ओले कपडे पडले की तारेचं गणित बिघडायचं.

"आज दोन नऊवारी आणि एक चादर," काका गच्चीवरून खाली येऊन सांगायचे. "जपान गेलं."

"मग काय करू? कपडे डोक्यावर घेऊन फिरू?"

"कोरडे झाल्यावर घाल ना तारेवर."

"वाळत घालायचे कपडे ओलेच असणार हो," काकू म्हणायच्या. हे वाक्य मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणू शकले असते. यंत्र सुरू करण्याआधी काका जिन्यातून ओरडायचे, "हात काढा!" मग तारेपाशी असेल त्याने टॉवेल तिथेच टाकून मागे सरायचं, नाहीतर तारेचा चटका बसायचा. पाहुण्यांना हे माहीत नसे. काकूंची एक मावसबहीण त्या ओरडण्याने इतकी दचकली की तिने पुढच्या वेळी हॉटेलात उतरणं पसंत केलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या छळापेक्षा टॉवर उभारून टाकायचा. सगळं गाव हेच म्हणत होतं. शेजारचे आबा तर रोज म्हणायचे. आबा मूळचे गावचे शेतकरी. ज्वारीच्या रानात त्यांनी आधी प्लॉट पाडले, मग स्वतःच एक इमारत उठवली, आणि ती इमारत दर उन्हाळ्यात थोडी थोडी वाढत होती. परवानगी किती मजल्यांची हे आबांनाही आठवत नव्हतं. ते कठड्यावरून काकांना सांगायचे, "आवो काका, आदी हुबा करा, मग बगू. कोन इचारतंय?"

"मी विचारतो," काका म्हणायचे.

हे त्यांचं उत्तर उगाच नव्हतं. खडकीच्या कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य माल तपासण्यात गेलं होतं. समोर आलेला नग मापात आहे की नाही एवढंच बघायचं आणि नसला तर बाजूला काढायचा. निवृत्त झाले तरी ती नजर निवृत्त झाली नाही. भेंडी मोडून बघायचे, नापास. माझ्या पोळीची कड बोटांनी चाचपायचे. "जाडी सारखी नाही. नापास." आणि मग ती नापास पोळी शांतपणे खायचे. जन्मभर दुसऱ्याचा माल नाकारलेल्या माणसाला स्वतःच्या गच्चीवर नियमाबाहेरची एक वस्तू चालणार कशी?

पण परवानगी काही मिळेना, आणि ती मिळेना याला कुणाची लाच नव्हती, कुणाची खुन्नस नव्हती. एक तर आमचं गाव कधी शहराच्या हद्दीत जायचं, कधी त्यातलं थोडं बाहेर यायचं. काकांची फाइल त्याच्यामागे या कचेरीतून त्या कचेरीत. आणि दुसरं म्हणजे काका जे मागत होते त्याला नियमांत नावच नव्हतं. इमारतीला नियम होता, धुराड्याला होता, पाण्याच्या टाकीला होता, मोबाइल कंपनीच्या टॉवरला तर नवाकोरा होता. पण एका निवृत्त माणसाला ब्राझीलशी गुडघ्याबद्दल बोलायला लागणारा टॉवर कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

कचेरीतले लोक बिचारे मदतच करत होते. एक साहेब म्हणाले, "टीव्हीची अँटेना म्हणा. तिला परवानगीच लागत नाही."

"पण ती टीव्हीची नाही."

"आम्हाला माहीत आहे हो. तुम्ही फक्त म्हणा."

"मी नाही म्हणणार."

दुसऱ्याने सुचवलं, झेंड्याचा खांब म्हणा. काका म्हणाले, झेंडा कुठाय? तिसरा म्हणाला, वीज पडू नये म्हणून लावतात तो दांडा म्हणा. काका म्हणाले, दांडा असा असतो होय, आणि त्यालाच दांडा कसा असतो ते चित्र काढून समजावून आले. आबांनी तर गावच्या देवाला मध्ये घातलं. त्यांच्या जत्रेत देवाची उंच काठी उभी करतात, गावातली पोरं दोरखंडांनी ती चारी बाजूंनी ओढून धरतात. "काका, देवाची काठी म्हना. कुनाच्या बापाची हिंमत न्हाई हात लावायची."

"आणि मी तिच्यावरून ब्राझीलशी बोलायचं?"

"देवाला काय त्याचं? देव सगळीकडं असतो."

एक खोटा शब्द, बस. तेवढा उच्चारला असता तर दुसऱ्या दिवशी टॉवर उभा राहिला असता. मला त्यांचा राग यायचा. आमच्या हिंजवडीत दिवसाला शंभर खोटे शब्द बोलल्याशिवाय प्रोजेक्ट पुढे सरकत नव्हतं, आणि इथे हा माणूस एका शब्दासाठी तारेवरच्या परकरांशी झगडत बसला होता. मी तसं बोललेही. काका म्हणाले, "आवाज नऊ, समज पाच. पण मत नापास."

मग डॉक्टरांचा आवाज खचायला लागला.

आधी नऊचा सात झाला, मग पाच. काका म्हणाले, सूर्य. सूर्यावरचे डाग काही वर्षं वाढतात आणि मग काही वर्षं कमी होतात. कमी झाले की लांबचे आवाज दुबळे होतात आणि साध्या तारेचं काही चालत नाही. उंच टॉवर असता तर निभावलं असतं. पुढे पुढे तीन झाला. काका कानावर हेडफोन घट्ट दाबून बसायचे आणि डॉक्टरांचं एखादं वाक्य पकडलं की आम्हाला सांगायचे, "पाऊस आहे म्हणतात." जणू ते वाक्य त्यांनी विहिरीतून शेंदून काढलं होतं. नंतरच्या आठवड्यात तेही नाही.

एका रविवारी मी चहा घ्यायला खाली आले. काका यंत्रापाशी होते. परवान्यावरचं आपलं सांकेतिक नाव सांगायचं, हाक मारायची, थांबायचं, ऐकायचं. पुन्हा तेच. कुणी उत्तर देत नव्हतं. आवाज अगदी रोजच्यासारखा कोरडा, पण हाक संपल्यावर ते जरा जास्तच वेळ थांबत होते. साडेसात वाजून गेले. तह संपला. आता मिक्सर लावायचा काकूंचा हक्क सुरू झाला होता, आणि इडलीचं पीठ तयार होतं, चटणी व्हायची होती. मी स्वयंपाकघरात बघितलं तर काकू जमिनीवर बसून पाट्यावर चटणी वाटत होत्या. वरवंट्याचाही आवाज होऊ नये म्हणून हळूहळू. मला गलबलून आलं.  काका आठ वाजेपर्यंत हाका मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला कंपनीत जाऊ दिलं नाही. "आज सुट्टी घे. तू इंजिनिअर आहेस ना? माझ्यामागे नुसती उभी राहा. बोलायचं नाही."

आम्ही कचेरीत गेलो. काकूंच्या हातात काकांनीच काढलेला टॉवरचा नकाशा होता, पाया, वजन, वाऱ्याचा जोर, सगळा हिशेब स्वच्छ अक्षरात. अर्ज मात्र काकूंच्या नावाचा होता. घरही त्यांच्याच नावावर होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "काय काम आहे?"

"कपडे वाळत घालायचेत."

"मग घाला ना. इथे काय त्याचं?"

"खांब लागणार आहे. चाळीस फुटी."

आता साहेबांनी मान वर केली. "चाळीस फुटांवर कपडे कोण वाळत घालतं?"

"जिथे ऊन असतं तिथे घालतात. आमच्याकडे ऊन चाळीस फुटांवर आहे."

"खाली का नाही?"

"शेजारी इमारत झालीय. मंजूर किती मजले आहेत ते तुम्हालाच ठाऊक. सावली आमच्याकडे पाच मजल्यांची पडते." काकू अगदी गोड हसल्या. "आपण एकदा येऊन बघा ना. मोजून घ्या. चहा करीन."

साहेबांचा हात कागदावर थबकला. आबांची इमारत मोजायला जायचं म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उमटत गेलं. "त्याची काही गरज नाही," ते म्हणाले. मग नकाशा जवळ ओढून बघायला लागले. "हे वरती आडवं काय आहे?"

"दांड्या. उभ्या खांबावर कपडे राहतात होय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसती उभी होते, सांगितलं होतं तशी. काकू कोण आहेत हे साहेबांना पक्कं माहीत होतं. टॉवरकाकांच्या घरचं माणूस त्या कचेरीत कोण ओळखत नव्हतं? ते थोडा वेळ पेनाशी खेळले आणि हळूच म्हणाले, "ताई, त्यांना चालेल का हे?"

"ते मी बघते," काकू म्हणाल्या.

परवानगी आली. काकांनी चष्मा लावून ती वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. "हे खोटं आहे."

"कशावरून?"

"हा अँटेनाचा टॉवर आहे. कपडे वाळत घालण्याचा खांब नाही."

"अस्सं? आणि इतकी वर्षं तुमच्या अँटेनावर मी काय वाळत घातलं? पापड?" काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तार कपड्यांची होती तेव्हा तिच्यावरून ब्राझीलशी बोलत होतात ना? मग खांब कपड्यांचा असला तर काय बिघडलं? उद्यापासून त्याच्यावर कपडे वाळत घाला, म्हणजे झालं खरं. माझं ओव्हर."

लग्नानंतर पहिल्यांदाच काकूंचं ओव्हर झालं असावं.  काकांनी परवानगीच्या एकेका ओळीखालून बोट फिरवलं. "फक्त कपड्यांसाठी, असं नाही लिहिलेलं."

"नाही ना?"

"पण नियमित वापर केला पाहिजे अशी अट आहे. नियमित म्हणजे रोज."

"रोज."

"ओले."

"तेच तर मी तुम्हाला इतकी वर्षं सांगतेय," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने काका स्वतःशीच म्हणाले, "चालेल."

टॉवर उभा केला तो जत्रेतल्या पोरांनी. आबांनीच पाठवली. आपली इमारत कचेरीत फिरून आली हे त्यांना कळलं होतं. "काकू, आवो माजी बिल्डिंग नेली की वो तुमी हापिसात!" म्हणून ते पोट धरून हसले. देवाची काठी उभी करण्याचा त्या पोरांचा हात बसलेला. चार बाजूंनी दोर, मध्ये पाया, आणि आबा चांगभलं म्हणून ओरडले की सगळ्यांनी एकदम ओढायचं. काका ओळंबा घेऊन बाजूला उभे. टॉवर सरळ झाला, पोरांनी गुलाल उधळला, आबांनी नारळ फोडला, आणि काका ओळंब्याकडे बघून म्हणाले, "नापास. बोटभर पूर्वेला." पोरांनी पुन्हा ओढला. पुन्हा नापास. तिसऱ्यांदा पोरं देवाचं नाव सोडून काकांचंच नाव घ्यायला लागली तेव्हा कुठे तो चालला. टोकाला माशाच्या काट्यासारखी आडव्या दांड्यांची अँटेना आणि तिच्याखाली, अटीप्रमाणे, एक कप्पी आणि दोरी.

त्या रविवारी आम्ही सगळे काकांच्या मागे उभे होतो. आबाही होते, हातात चहाचा कप. काकांनी हाक मारली. थांबले. खरखर. पुन्हा हाक मारली. आणि मग लांबवलेल्या सुरांचं ते इंग्रजी आलं. बारीक, पण आलं. काकांच्या पाठीवरून मला कळलं की ते हसतायत.

डॉक्टर म्हणाले, "समज पाच, आवाज नऊ! काय केलंत?" काकांनी टॉवरचं सांगितलं. परवानगी कशाची आहे तेही सांगितलं, कारण लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, तुमचा आवाज मात्र अजून दोनच आहे, सूर्याचं काही खरं नाही.

 डॉक्टर म्हणाले, सूर्याचा दोष नाही. गेल्या वर्षापासून ते मुलीकडे फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. त्यांचा टॉवर जुन्या घराबरोबर गेला. सोसायटी नवीन टॉवर लावू देत नव्हती. तुम्हाला सांगायची लाज वाटली, ते म्हणाले. त्यांनी बाल्कनीत एक तार बांधली होती आणि मुलगी तिच्यावर कपडे वाळत घालत होती.

काका हसले. इतके हसले की यंत्रावरचा हात सुटला. वर्षभर त्यांनी सूर्याला नावं ठेवली होती, कचेरीला ठेवली होती, नऊवारीला ठेवली होती. दोन्हीकडे दोन म्हातारे कपड्यांच्या तारेवरून एकमेकांना हाका मारत होते आणि दोघांनाही वाटत होतं की खोट आपल्याच तारेत आहे.

काकू दारातून म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, मुलीला सांगा कपडे कोरडे करून घाल."

"तुला परवाना नाही. हवेत बोलू नकोस," काका मागे वळून म्हणाले. मग यंत्राकडे तोंड करून, स्वतःचंच मत असल्यासारखं, त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं.

त्यानंतर रोज सकाळी काका एक पंचा टॉवरवर चढवत. तो धुतलेला, कोरडा, घडी केलेलाच असायचा. काका घडी मोडून तो नळाखाली भिजवायचे, पिळायचे, कप्पीला लावायचे आणि दोरी ओढून वर न्यायचे. संध्याकाळी उतरवून घडी. आबा कठड्यावरून म्हणायचे, "काका, मिळाली की परमिशन! आता कशाला रोज रोज? कोन इचारतंय?"

"मी विचारतो," काका म्हणायचे आणि पंच्याची कोपऱ्यावरची सुरकुती सारखी करायचे.

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. मी बाणेरला राहते. त्यांची आठवण आली की अजून हसू आधी येतं आणि मग डोळे भरतात, हा क्रम बदलत नाही. मध्यंतरी एका रविवारी सकाळीच काकूंकडे गेले. यंत्रावर स्वच्छ कापड घातलेलं होतं. परवाना काकांच्या नावाचा, त्यामुळे ते बंदच. काकूंनी इडल्या लावल्या होत्या आणि चटणीचं सामान भांड्यात काढून ठेवून त्या नुसत्या बसल्या होत्या.

"मिक्सर बिघडलाय का?" मी विचारलं.

"साडेसात व्हायचेत अजून," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या. कपाटातून काकांचा पंचा काढला, पांढराशुभ्र, घडी केलेला. मोरीत जाऊन नळाखाली भिजवला, पिळला, अंगणात नेऊन कप्पीला लावला. दोरी ओढायला मीही हात लावला. पंचा हळूहळू वर गेला, आबांच्या इमारतीची सावली ओलांडून उन्हात गेला.

"काकू," मी म्हटलं, "आता कशाला? कोण विचारतंय आता?"

त्यांनी दोरी खुंटीला बांधली, गाठ ओढून बघितली.

"मी विचारते," त्या म्हणाल्या.